रेणुकाची भूक

लॅबमधल्या दादांनी नळी खिडकीच्या काचेशी उभी करून ठेवली आणि मला बोलावलं.

"मॅडम, हे सॅम्पल मशीन घेत नाहीये. तुम्हीच बघा एकदा."

पौषातली सकाळ होती. त्या दिवसांत नांदेडला गोदावरीवरून धुकं चढतं आणि दहा वाजेपर्यंत गावातून हलत नाही. खिडकीतून येणारं ऊनही पांढुरकं होतं. त्या उन्हात ती नळी उभी होती. रक्त थोडा वेळ ठेवलं, मशीनमध्ये फिरवलं, की लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर निवळ पाणी राहतं. या नळीत खाली लाल होतं. वर मात्र दूध होतं. साय धरेल की काय असं वाटावं इतकं दाट.

मी नळी उचलून तिरकी केली. पांढरं सावकाश सरकलं, काचेला चिकटून राहिलं, मग खाली ओघळलं. ते दिसायला सुंदर होतं, हे सांगायला संकोच वाटतो. कारण ते जिच्या अंगातून काढलं होतं ती वरच्या मजल्यावर पोट धरून कण्हत होती.

मी हार्मोन्सची डॉक्टर. पाटीवर एंडोक्रायनॉलॉजिस्ट असं लिहिलंय, पण ते कुणी वाचत नाही. रिक्षावाले मला शुगरवाल्या मॅडम म्हणतात. शरीरातल्या ग्रंथी रक्तातून जे निरोप पाठवतात त्यांना हार्मोन म्हणायचं. निरोप पोचला नाही, किंवा पोचून कुणी ऐकला नाही, की आजार होतो. माझं काम हे हरवलेले निरोप शोधायचं. मूळची मी लातूरची. प्रॅक्टिस नांदेडला.

पेशंटचं नाव रेणुका. वय पंचविशीच्या आतलं. माहेर औशाजवळ, सासर अर्धापूरजवळच्या एका गावात. घरची केळीची बाग. तिला डॉ. मुजीब यांनी पाठवलं होतं. ते अर्धापूरला जनरल प्रॅक्टिस करतात, माणूस काळजीचा. आदल्या दुपारी त्यांचा फोन आला होता.

"मॅडम, पोट कडक झालंय. उलट्या थांबत नाहीत. अन् शुगर तर वर्षभर माझं ऐकत नाही. इन्सुलिन वाढवून वाढवून आता मलाच भीती वाटून राहिली."

"घेते ना ती नीट?"

"घेते. मी माझ्यासमोर टोचायला लावून बघितलं. फरकच नाही. घरचे म्हणतात, चोरून खाते."

"वजन?"

"हाच तर घोळ आहे. काडी आहे ती."

दुखणं कशाचं होतं ते नळी बघितल्यावर कळलं. पोटात पाठीच्या बाजूला स्वादुपिंड असतं. रक्तात चरबी बेसुमार झाली की ते सुजतं, आणि ती सूज माणसाच्या जिवावर बेतू शकते. एरवी अशी सूज दारूनं येते, नाहीतर पित्ताच्या खड्यानं. इथं दारूचा प्रश्न नव्हता. सोनोग्राफीत खडाही नव्हता. लिव्हर मात्र मोठं झालेलं आणि चरबीनं गच्च भरलेलं. उपचार सोपा आणि कठोर आहे. तोंडानं काही द्यायचं नाही. सलाइन, इन्सुलिनची ड्रिप, आणि वाट बघायची.

प्रश्न वेगळाच होता. काडीसारख्या बाईच्या रक्तात एवढी चरबी आली कुठून?

राउंडला गेले तेव्हा तिच्या खाटेशी सासू बसली होती. गयाबाई. कपाळावर मोठं गोंदण, आवाज शेतात हाका मारून तयार झालेला. नवरा बालाजी भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातात रिकामा थर्मास होता आणि तो कुठं ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं.

रेणुकाचा हात सलाइनसाठी उघडा होता. मला क्षणभर वाटलं, ही मुलगी कुस्ती खेळत असणार. दंडाचे स्नायू कोरल्यासारखे. त्यावरून निळ्या शिरा दोरीसारख्या गेलेल्या. आमच्या सिस्टरला शीर शोधावी लागली नव्हती. पण चेहऱ्याकडे बघितलं की उलटं वाटायचं. गाल आत गेलेले, डोळे खोल. मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा. इन्सुलिन अंगात भरपूर असून काम करत नसेल तर मान अशी काळवंडते.

तिनं अंगाखाली दोन चादरींच्या घड्या घालून घेतल्या होत्या.

"हे कशाला?" मी विचारलं.

"खाट टोचती, मॅडम."

"गादी आहे की."

"गादी बी टोचती."

गयाबाईंनी नाक मुरडलं. "हिला समदंच टोचतंय. घरात बी चप्पल काढत न्हाई. फरशीवर पाय ठिवला की म्हनती, खडे लागले. आता फरशीवर कुठले खडे?"

मग त्यांनी मला खाटेपासून जरा बाजूला घेतलं. आवाज मात्र कमी केला नाही.

"मॅडम, खरं सांगते. ही लई खाती. वाढलेलं खाती, उरलेलं खाती, झाकून ठिवलेलं खाती. कच्ची केळं खाती बागेतली. डब्याला कुलूप लावलं म्या शेवटाला. आन् एवढं खाऊन अंगाला काय लागत न्हाई. लोकं म्हनत्यात सून उपाशी ठिवली. मी तोंड कुठं दाखवू?"

"किती दिवस चाललंय हे?"

"आली तवापासून. लेकरू न्हाई, बाळ न्हाई. पाळीचा बी ठिकाना न्हाई. आता हिला बरं करा आन् औशाला पाठवून देतो. तिच्या आईनं सांभाळावं."

बालाजी हातातल्या थर्मासकडेच बघत राहिला. रेणुकानं सगळं ऐकलं होतं. तिनं डोळे मिटून घेतले.

मी परत खाटेशी गेले. तिच्या दंडावरची कातडी चिमटीत धरली. नुसती कातडीच हातात आली, कागदासारखी. पोटावर बघितलं, मांडीवर, पाठीवर. शेवटी तळपाय दाबला. आपल्या तळव्याला चरबीची एक उशी असते, म्हणून आपण दगडावरून चालू शकतो. तिच्या तळव्यात माझ्या बोटाला थेट हाड लागलं. बसायच्या जागीही तसंच. चादरींच्या घड्या तिनं उगाच घातल्या नव्हत्या. तिच्या हाडांत आणि जगात मध्ये काही नव्हतंच.

सडपातळ माणसाच्या अंगावरही थोडी चरबी असते. हिच्या अंगावर ती अजिबात नव्हती.

त्या दुपारी मी हैदराबादला माझ्या सरांना फोन लावला. त्यांच्या हाताखाली मी हा विषय शिकले. सर आता थकलेत, पण पेशंटची हकीकत ऐकताना त्यांचा आवाज अजूनही जागा होतो.

"सर, कुठंच चिमटीत काही येत नाही. शुगर वर, रक्त दुधासारखं, लिव्हर भरलेलं."

"तळवे?"

"तिथंही नाही. घरात चप्पल घालून फिरते."

"मग चरबी जाण्याचं हे दुखणं जन्मापासूनचं नसावं. जन्मजात प्रकारात तळव्यांची चरबी बहुधा शाबूत राहते. लहानपणी गुबगुबीत होती का, विचार. आईला विचार, सासूला नको."

"आणि औषध?"

"आहे. पण आपल्याकडं मिळेल या आशेवर पोरीला बसवून ठेवू नकोस. तू तिचं स्वयंपाकघर सांभाळ."

रेणुकाला उपाशी ठेवणं आमच्या सगळ्यांनाच जड गेलं. बाकीच्या पेशंटना पोटदुखीत भूक नसते. हिचं दुखणं जरा ओसरलं की भूक लगेच वर यायची. शेजारच्या खाटेवर कुणी डबा उघडला की तिचं डोकं आपोआप तिकडं वळायचं. सिस्टरनं मधला पडदा ओढून घेतला, तर ती पडद्याकडं बघत राहायची.

"मॅडम, जरासंच. घासभर."

"नाही रेणुका. आत्ता घास म्हणजे विष आहे."

"विष बी चालंल," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड शांत होता. बाहेर ऊन होतं, पण धुक्याचा ओलावा अजून खिडकीच्या गजांवर होता. मी तिची ड्रिप बघायला गेले. ती जागी होती आणि छताकडे बघत होती.

"झोप लागली का?"

"लागली. पन झोपंत बी जेवूनच राहिले मी."

"म्हणजे?"

"रोजचं सपान हाय, मॅडम. लहानपनापासून. पंगत बसलेली असती. केळीच्या पानावर वाढत्यात. मी खाते, तसं पान मोठं होत जातं. समदी लोकं जेवून उठत्यात, हात धुत्यात, आन् उभं ऱ्हाऊन मला बघत्यात. पान अंगणाएवढं होतं, मग शेताएवढं. मला लाज वाटती, पन हात थांबत न्हाई. वाढनारा बी थांबत न्हाई. त्याचं तोंड दिसत न्हाई मला. नुसता हात दिसतो."

ती हे अगदी सावकाश सांगत होती. मी स्टूल ओढून बसले. बाकीचे पेशंट बघायचे होते, पण पाय निघाला नाही. खिडकीतून एक कवडसा तिच्या हातावर पडला होता आणि त्या शिरा, ते स्नायू, सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं, तीस वर्षं मी भूक हा शब्द रोज लिहिते. 'भूक आहे, भूक नाही' एवढंच. भुकेला असं शेताएवढं पान असतं हे मला ठाऊक नव्हतं.

"कधी पोट भरतं का तुझं?"

"भरल्यावर कसं वाटतं, मॅडम?" तिनं विचारलं.

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तिची आई दुसऱ्या दिवशी आली. औशाहून लातूर, लातूरहून नांदेड, दोन बस बदलून. संक्रांत तोंडावर होती, म्हणून माऊलीनं लेकीसाठी तिळाचे आणि शेंगदाण्याचे लाडू करून आणलेले. सिस्टरनं डबा दारातच काढून घेतला. त्यावरून मोठाच आवाज झाला.

"माझी लेक बगा कशी झाली! हाडाला कातडं! आन् तुमी तिला उपाशी मारून राहिले? हा कसला दवाखाना?"

मी त्यांना केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, "रेणुका लहानपणी कशी होती? अंगानं?"

बाईंचा चेहराच बदलला. "काय सांगू! लोन्याचा गोळा. दंडाला वळ्या होत्या. जो येईल तो गाल वढायचा."

"मग?"

"मग शाळंत जायाला लागली तवा, धा वर्साची आसंल, पायाला गाठी आल्या. लाल, दुखऱ्या. अंगात ताप. गाठी गेल्या तिथं खड्डे पडले. मग पाय बारीक झाले, मग हात, मग तोंड. आमी म्हनलो नजर लागली. लई उतारे केले, मॅडम. भूक तर अशी लागायली की मी चोरून खाऊ घालायचे तिला, तिच्या बापापासून."

सरांनी विचारायला सांगितलं होतं त्याचं उत्तर हेच होतं. शरीरात रोगाशी लढणारी जी फौज असते, ती कधीकधी चुकते. आपल्याच माणसाला परकं समजून मारते. रेणुकाच्या लहानपणी त्या फौजेनं तिच्या चरबीवर हल्ला केला आणि सगळी संपवली. या आजाराला लिपोडिस्ट्रॉफी म्हणतात. फार विरळा आहे. पुस्तकात वाचलेला, प्रत्यक्ष कधी भेटेल असं न वाटलेला.

खात्रीसाठी एक तपासणी बाहेरगावी पाठवली. रिपोर्ट यायला वेळ लागला. तोवर नळीतलं दूध रोज थोडं पातळ होत होतं. आधी दूध, मग ताक, मग ताकावरचं पाणी. लॅबमधले दादा रोज सकाळी नळी खिडकीशी धरायचे आणि न विचारता मला फोन करायचे. एके दिवशी म्हणाले, "मॅडम, आज आरपार दिसतंय. पलीकडचं लिंबाचं झाड दिसतंय." त्या दिवशी रेणुकाला पातळ वरणाचं पाणी आणि मऊ भात सुरू केला.

तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा मी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. गयाबाई, बालाजी, रेणुकाची आई, आणि चाकाच्या खुर्चीत चादरीच्या घडीवर बसलेली रेणुका.

"गयाबाई, तुम्ही धान्याच्या मोंढ्यात जाता ना? समजा मोंढ्यातली सगळी गोदामं पाडून टाकली. माल काही यायचा थांबत नाही. मग पोती कुठं ठेवतील?"

"रस्त्यावर," बालाजी पहिल्यांदा बोलला. "लोकांच्या दारात."

"बरोबर. आपली चरबी म्हणजे अंगातली गोदामं. रेणुकाची गोदामं लहानपणीच पडली. आता खाल्लेलं ठेवायला जागा नाही. ते रक्तात साठतं, लिव्हरमध्ये साठतं. दारात पोत्यांची थप्पी लागली की दार उघडत नाही. इन्सुलिन बाहेर उभं राहून दार वाजवतं, आत कुणी घेत नाही. म्हणून डॉ. मुजीब इन्सुलिन वाढवत गेले आणि शुगर हलली नाही."

"आन् भूक?" गयाबाईंनी विचारलं. त्यांना तेवढंच हवं होतं.

"गोदामात मुनीम असतो. तो रोज वर कळवतो, माल भरपूर आहे, काळजी नको. आपली चरबी असाच निरोप मेंदूला पाठवते. त्या निरोपाचं नाव लेप्टिन. तो पोचला की मेंदू म्हणतो, आता जेवण पुरे. हिच्याकडं गोदाम नाही, मुनीम नाही. रिपोर्टमध्ये लेप्टिन मोजण्याइतकंसुद्धा आलं नाही. ताट समोर असलं तरी हिच्या मेंदूला वाटतं बाहेर दुष्काळ पडलाय. जन्माचा दुष्काळ. पाळीचं तेच. दुष्काळात लेकरू नको, असं शरीरच ठरवतं."

गयाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मॅडम, एक सांगा. माझ्या नंदेच्या अंगावर तर गोदामंच गोदामं हायत. मग ती कामून दिसभर खाती?"

बालाजी हसला. मलाही हसू आलं. पण प्रश्न चोख होता. जगभरातले लोक त्याच्यामागे लागले आहेत.

"तिचा मुनीम सारखा ओरडत असतो. दिवसरात्र. एकच गोष्ट सारखी ऐकून मेंदूचे कान बधिर होतात. मग निरोप येऊनही न आल्यासारखाच. दोघींचं दुखणं एकाच घरातलं आहे, दारं वेगळी."

रेणुका इतका वेळ माझ्या तोंडाकडं बघत होती.

"म्हंजी मी हावरट न्हाई?"

"नाही."

"परत म्हना."

"नाही, रेणुका. तू हावरट नाहीस. तुझी भूक खरी आहे आणि ती आजाराची आहे."

ती रडली नाही. तिनं फक्त मान हलवली, सावकाश, दोनतीनदा, जशी एखादी लांबची ओळखीची हाक ऐकू यावी. गयाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, "म्या हिला म्हनले व्हते, चरबी चढली तुला. पाव्हन्यासमोर म्हनले."



खरी अडचण डिस्चार्जच्या दिवशी आली. बाहेरून लेप्टिन टोचायचं औषध परदेशात आहे. मी त्यासाठी कंपनीला लिहिलं होतं, पहिल्या उत्तरात आशा कमी होती. हातात उरलं होतं ते इन्सुलिन, गोळ्या आणि जेवण. जेवणात तेल नावाला, तूप नाही, शेंगदाणे नाहीत, तीळ नाहीत, साखर-गूळ नाही. गोदामच नाही तर माल कमी आणायचा, एवढाच इलाज. आणि हे सगळं अशा बाईनं करायचं, जिची भूक कधी थांबत नाही. हे एकटीच्या जिवावर होत नाही. अख्खं घर लागतं.

रेणुकाच्या आईनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. "मी नेते हिला. इथं बिनतेलाचं खाऊन माझी लेक मरंल. मी घालते पोटभर."

गयाबाई चवताळल्या. "पोटभर घालशील आन् परत हितं आनशील. आयकलं न्हाई का मॅडमनी काय सांगितलं? ती माझ्या घरची हाय. मी बगते."

"कुलपं लावून बगता व्हय?"

"लावलं व्हतं. मला ठाव नव्हतं."

मी मध्ये पडले नाही. रोगाबद्दल बोलणं माझं काम. कुठं राहायचं हे ठरवणं माझं नव्हतं, आणि खरं म्हणजे त्या दोघींचंही नव्हतं. बालाजीला बहुतेक तेच वाटलं असावं. तो म्हणाला, "तिला इचारा की."

सगळ्यांनी रेणुकाकडं बघितलं. असं सगळ्यांनी आपल्याकडं बघणं तिला नवीन नव्हतं. पण या वेळी कुणी तिच्या ताटाकडं बघत नव्हतं.

"आई, तू मला न्हाई म्हनू शकत न्हाईस," ती म्हणाली. "मी मागितलं की तू देतीस. तुझ्याकडं मी जगत न्हाई." मग ती सासूकडं वळली. "आत्या, मी येते. कुलूप लावा तुमी. शेंगदान्याला लावा, गुळाला लावा, तेलाला लावा. माझ्यानं ऱ्हावत न्हाई, मला म्हाईत हाय. पन मला सांगून लावा. चोर म्हनून नको."

गयाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. मग रेणुकाच्या आईचं गाठोडं स्वतः उचललं आणि तिलाही सोबत चल म्हणाल्या. चार दिवस राहा, स्वयंपाक कसा करायचा ते तुबी शीक. दोघी भांडतच लिफ्टकडे गेल्या.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. एकदा लग्नाच्या पंगतीत रेणुकाचा तोल गेला आणि पोट परत दुखायला लागलं. ती स्वतःच उठून बालाजीच्या गाडीवर बसून दवाखान्यात आली. वेळेवर आली, म्हणून निभावलं. इन्सुलिनचा डोस आम्ही डोळ्यात तेल घालून बदलत राहिलो. डॉ. मुजीब दर आठवड्याला फोन करायचे. परदेशी औषधाचं पत्र आलं, नकाराचं होतं, सभ्य भाषेत.

पुढच्या मार्गशीर्षात डॉ. मुजीब यांनी अर्धापूरला डायबेटिसचा कॅम्प ठेवला. मी गेले होते. कॅम्पआधी बालाजी मला घ्यायला आला, म्हणाला बाग बघून जा. अजून ऊन वर आलं नव्हतं. धुकं केळीच्या पानांच्या उंचीवर थांबलं होतं, त्यामुळं वर आभाळ नाही आणि खाली जमीन नाही अशा मधल्याच जागेत आम्ही चालतोय असं वाटत होतं. घडांना निळ्या पिशव्या घातल्या होत्या. त्या धुक्यात नुसत्या लटकलेल्या दिसायच्या. पानांवरून दव टपटपत होतं. कुठंतरी दोन बायका बोलत होत्या, आवाज जवळ यायचा, लांब जायचा. मला लहानपणी तापात ऐकू येणारे घरातले आवाज आठवले.

मग रेणुका धुक्यातून आली. साडीखाली जाड तळव्याचे बूट. बालाजीनं लातूरहून आणलेले, धावणाऱ्या लोकांचे असतात तसे. गाल तसेच आत, हाताच्या शिरा तशाच. पण खडे टोचल्यासारखी ती पाय उचलत चालत नव्हती, आणि मानेचा काळा पट्टा फिकट झाला होता.

कॅम्प उरकल्यावर गयाबाईंनी घरी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, घट्ट वरण, काकडी. सगळ्यांना तेच. बालाजीच्या ताटात वेगळी तेल-चटणीची वाटी होती, म्हणून तो पायरीवर बसून जेवला, रेणुकाकडं पाठ करून. हे कुणी त्याला सांगितलं होतं असं वाटलं नाही.

"भूक कशी आहे?" मी रेणुकाला विचारलं.

"हाय की. पाव्हना बसलाय घरात, उठत न्हाई. त्याला वाढते, आन् माझ्या कामाला जाते."

"आणि स्वप्न?"

"पडतं. पन आता उठून बघनारी लोकं न्हाईत त्यात." तिनं काकडीचा एक तुकडा तोंडात टाकला. "वाढनारा बी मधीमधी थांबतो."

गयाबाई आतून ओरडल्या, "मॅडमला अजून भाकर वाढ, बोलतच बसली!"

आज रेणुकाच्या रक्ताची नळी पूर्ण निवळ कधीच नसते. थोडी धुकट असते. शुगर पूर्वीच्या निम्म्यावर आहे, इन्सुलिनही बरंच कमी झालं. त्या लग्नाच्या पंगतीनंतर पोटाच्या दुखण्यानं दवाखाना दाखवला नाही. पाळी सुरू झाली आहे, अनियमित का होईना. मूल हवं का आणि कधी, यावर ती दोघं ठरवतील, मी धोके सांगून ठेवले आहेत. आजार बरा झालेला नाही. होणारही नाही, निदान माझ्याकडं आज आहे तेवढ्या औषधानं.

माझ्या ओपीडीत रोज कुणीतरी कुणालातरी खाण्यावरून बोलत असतं. आई मुलीला, नवरा बायकोला, कधी डॉक्टर पेशंटला. जाड असेल तर खातो म्हणून, बारीक असेल तर खाऊनही लागत नाही म्हणून. त्यांना मी एकच सांगते. भूक किती लागावी हे माणूस स्वतः ठरवत नाही, ते रक्तातले निरोप ठरवतात. तेव्हा आधी रक्त तपासा, बोलायचं नंतर बघू. बहुतेक लोक मान हलवतात आणि दाराबाहेर जाऊन पुन्हा बोलायला लागतात. मी पुढच्या पेशंटला आत बोलावते.